तिकडे म्हणजे कुठे

हरेश्वरकाकांना फोन करून ‘कुठे आहात’ असं विचारू नये. साधा माणूस सांगतो, बाजारात आहे. काका सांगतात, “मी तलासरी नाक्यावर नाही. नाक्याजवळ आहे. हायवेच्या अलीकडे, भाजीवाल्यांच्या मागे, रसवंतीच्या समोर. तोंड गुजरातकडे.” हे सगळं ऐकून होईपर्यंत आपण चालत त्यांच्यापाशी पोचलेलो असतो. मग ते घड्याळ बघतात आणि म्हणतात, “बघ, सापडलो की नाही.”

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती सही मागायला. मी आमच्या भागातल्या एका छोट्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिणं, वाटणं, अर्ज देणं, अर्जाचं उत्तर आलं नाही की ते का आलं नाही याचा अर्ज देणं. ठाण्याचा जिल्हा तुटून पालघर झाला त्याला दोन-तीन वर्षं झाली होती, पण आमच्या जुन्या पत्रकांवर अजून ‘जिल्हा ठाणे’ छापलेलं होतं आणि ते मी पेनाने खोडून वापरत होते. काकांनी पत्रक हातात घेतलं, मागणी वाचलीच नाही, खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे बरं केलंस. तलासरी कुठे आहे हेच चुकलं तर पुढचं वाचायचं कशाला?”

मला राग आला. मागणी महत्त्वाची होती.

मागणी अशी. तलासरीहून आत आमच्या पाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओढ्याच्या पाण्यासाठी बांधलेली एक मोरी आहे. रस्त्याचं काम घेतलेल्या एका कंत्राटदाराने ती दुरुस्तीसाठी खणली आणि तशीच टाकून माणसं दुसरीकडे नेली. मोरीपाशी एसटी वळवायला जागा नाही, म्हणून संध्याकाळी सहा दहाची फेरीच बंद झाली. सकाळची गाडी लांबच्या रस्त्याने फिरून यायची, तीही आली तर. एसटीवाले म्हणाले, रस्ता द्या, गाडी देतो. कंत्राटदाराच्या साइट ऑफिसातला इंजिनियर म्हणाला, अर्ज इंग्लिशमध्ये द्या, हेड ऑफिसला पाठवायचा असतो. मराठी मुलखात मराठी माणसांच्या मोरीसाठी इंग्रजीत अर्ज. यावर मी एक वेगळं पत्रक काढलं होतं, पण त्याने मोरी भरली गेली नाही. मग कोणीतरी सांगितलं की मोरीच्या अलीकडचे ते काका रेल्वेवाले, त्यांना इंग्रजी येतं.

येत होतं, पण एका ठराविक प्रकारचं.

हरेश्वर राऊत छत्तीस वर्षं रेल्वेत केबिनमन होते. डहाणू रोडच्या बाजूला, लाकडी जिन्याच्या केबिनमध्ये उभं राहून सिग्नलचे लिव्हर ओढायचे. शाळा नववीपर्यंत. इंग्रजी शिकले ते रेल्वेच्या नियमपुस्तकातून. आता नियमपुस्तकात माणसं हसत नाहीत, रडत नाहीत, फुलं फुलत नाहीत. तिथे फक्त गाडी असते, आणि ती सदैव कशाच्यातरी आत, बाहेर, अलीकडे, पलीकडे किंवा दोन सिग्नलांच्या दरम्यान उभी असते. त्यामुळे काकांचं इंग्रजी म्हणजे चार नामं आणि जगातली सगळी शब्दयोगी अव्ययं. ‘आनंद’ला इंग्रजीत काय म्हणतात हे त्यांनी मला एकदा खरंच विचारलं होतं. पण इन, ऑन आणि ॲटबद्दल त्यांच्याशी वाद घालायला तालुक्यात कोणी धजावत नसे. कॉलेजचे सरसुद्धा त्यांना दुरून पाहून रस्ता बदलायचे. काकांच्या भाषेत सांगायचं तर रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने जायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी काकींच्या माहेरच्या जमिनीवर घर बांधलं. गावाने विचार केला, रेल्वेत होता म्हणजे इंग्रजी शिकवणार. पोरी पाठवल्या. पोरगे आले नाहीत, त्यांना क्रिकेट होतं. मोरी खणली जायच्या आधी काकांच्या ओट्यावर अकरावी-बारावीच्या अकरा पोरी बसायच्या. कोणाला नर्सिंगला जायचं होतं, कोणाला पोलिसात. कॉलेज सुटलं की चार वाजता यायच्या आणि सहा दहाच्या गाडीने मोरीपलीकडच्या आपापल्या पाड्यावर जायच्या. फी नाही. खडू-फळा नाही. काकांच्या दोन हातांत दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी, नोकरी संपताना जमा करायच्या राहून गेलेल्या. वाक्य बरोबर आलं की हिरवी. चुकलं की लाल, आणि मग ते वाक्य पुढे सरकायचं नाही, ज्या शब्दावर अडलं त्या शब्दावरच उभं.

त्यांचं शिकवणं मी ऐकलंय, त्यामुळे तक्रार करणं कठीण आहे.

“स्टेशन म्हणजे काय? ठिपका. नकाशावर बोट ठेवलं, संपलं. म्हणून ॲट द स्टेशन. प्लॅटफॉर्म म्हणजे पाट. त्याच्यावर उभं राहता येतं. ऑन द प्लॅटफॉर्म. केबिन म्हणजे डबा. चारी बाजूंनी बंद. इन द केबिन. आता वेळ घ्या. सहा दहा हा ठिपका, ॲट. सोमवार हा पाट, ऑन. मे महिना हा डबा, त्यात आपण सगळे शिजतो. इन.”

किंवा हे: “फाटक सहापर्यंत बंद. अंटिल सिक्स. म्हणजे सहा वाजेस्तोवर बंद ते बंदच. गाडी सहापर्यंत येईल. बाय सिक्स. म्हणजे पाचला येईल, साडेपाचला येईल, पण एकदाच येईल आणि सहाच्या आत येईल. मराठीत दोघांनाही ‘पर्यंत’. म्हणून तुम्ही बायच्या जागी अंटिल घालता आणि ती बिचारी गाडी दुपारपासून सहापर्यंत येतच राहते.”

बिटवीन आणि अमंगसाठी ते पोरींना एकदा कासा बाजाराला घेऊन गेले. तिथे भरलेल्या एका जीपसमोर सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाले, एकेक माणूस सांगा, कोण कुठे आहे. त्या जीपमध्ये, जीपवर, जीपला आणि जीपमागे मिळून सतरा माणसं, दोन शेळ्या आणि एक पत्र्याची पेटी होती. पोरी मोठमोठ्याने सांगायला लागल्या. ड्रायव्हर खाली उतरला.

“काका, लिहून काय घेताय? आरटीओवाले काय तुम्ही?”

“नाही. अभ्यास आहे.”

“कसला?”

“तू गाडीच्या आत आहेस की गाडीवर, याचा.”

ड्रायव्हरने आपल्या सीटकडे पाहिलं. तिथे आणखी तिघे बसले होते. “माझं विचारू नका,” तो म्हणाला. “मी अर्धा दरवाजात असतो. मला दोन्हीमध्ये लिवा.”

रंजना नावाची पोरगी, बारावीची, सगळ्यांत तिखट. ती म्हणाली, “काका, तो हँगिंग फ्रॉम.” काकांनी भर बाजारात हिरवी झेंडी वर केली. ती पाहून मागची दुसरी जीप निघाली, आणि मग जे भांडण झालं ते पाऊण तास चाललं.

ओट्यावर आणखी एक नियम होता. ‘तिकडे’ हा शब्द बोलायचा नाही. ‘इथंच कुठंतरी’ नाही, ‘त्या बाजूला’ नाही, ‘असेल ना’ तर मुळीच नाही. मराठीतसुद्धा नाही. कोणी बोललं तर लाल झेंडी, आणि त्या पोरीने उठून ती वस्तू नेमकी कुठे आहे ते आधी मराठीत, मग इंग्रजीत सांगायचं. तांब्या माठावर उपडा. खुर्ची खिडकीखाली. सुपारीचा डबा दोन बरण्यांच्या मध्ये. सगळ्या वस्तू घरातल्याच. मला वाटायचं म्हाताऱ्याकडे शिकवायला दुसरं काही नाही. चपलांचाही नियम होता. आलेल्या माणसाने चपला डाव्या भिंतीला टेकवून एका ओळीत ठेवायच्या. वाटेत एक जरी चप्पल दिसली तरी काका स्वतः उठून ती ओळीत नेऊन ठेवायचे. मी एकदा म्हटलं, “काका, ही काय रेल्वेची शिस्त?” ते म्हणाले, “रूळ मोकळा हवा.”

काकी आत दाराशी बसलेल्या असायच्या, वाल सोलत किंवा नुसत्याच ऐकत. इंदूकाकी. चहा त्या स्वतः आणायच्या, कप ठेवायच्या आणि म्हणायच्या, “पोरी, कप तुझ्या उजव्या हाताशी, पायरीच्या कडेपासून आत.” मला वाटलं, नवऱ्याची सवय लागली बिचारीला. माझ्याशी बोलताना त्या जरा बाजूला बघायच्या, माझ्या खांद्यावरून कुठेतरी. आमच्यासारख्या मोर्चेवाल्या पोरी घरात आलेल्या काही बायकांना आवडत नाहीत, त्यातलाच प्रकार असेल असं मी धरून चालले होते.

अर्ज मी स्वतः लिहिला होता. मी बी.ए. आहे आणि पत्रक लिहायला मला कोणी शिकवलेलं नाही असं नाही. काकांनी चष्मा लावला, लाल झेंडी मांडीवर घेतली.

“वुई रिक्वेस्ट टू यू. टू काढ.”

“का?”

“विनंती त्याच्याकडे चालत जात नाही. ती सरळ त्यालाच होते. पुढे. द रोड इज क्लोज्ड सिन्स टू मंथ्स. सिन्स म्हणजे जिथून निघाली ते स्टेशन. फॉर म्हणजे किती अंतर कापलं ते. दोन महिने हे स्टेशन आहे का?”

“नाही.”

“मग फॉर. हॅज बीन क्लोज्ड फॉर. पुढे. द बस कॅनॉट रीच टू द व्हिलेज.” इथे त्यांनी चष्मा काढला. “रीच टू. अगं, पोचली ना गाडी? आणखी कुठे ढकलतेस तिला?”

“काका, पोचत नाही म्हणूनच अर्ज आहे.”

“मग न पोचू दे. पण टूशिवाय न पोचू दे.”

असे सहा मसुदे झाले. प्रत्येक वेळी मी तलासरीहून भाड्याच्या जीपने मोरीपर्यंत यायचे, ओट्यावर बसायचे आणि काका सही करायच्या ऐवजी एक छोटासा शब्द काढायचे किंवा घालायचे. डिस्कस अबाउटमधला अबाउट गेला. चार पाड्यांच्या बिटवीनचा अमंग झाला. मोरीखालून पाणी जातं ते अंडर की बिलो यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. ती संध्याकाळ संघटनेची होती, तिचं उत्तर मला वर द्यावं लागतं. आणि दर वेळी, मी चपला काढायच्या आत काका सांगायचे, “आज सातजणी.” मग, “आज पाच.” मग, “आज चौघी.” सहा दहाची गाडी नसल्यामुळे पोरींना कॉलेज सुटल्यासुटल्या लांबच्या रस्त्याने जाणारी जीप धरावी लागायची. ती ओट्यासाठी थांबत नव्हती. मला तो आकडा म्हणजे हजेरी वाटायची. एकदा मी भडकून म्हणाले, “काका, पोरींचं शिक्षण बंद पडायला आलंय आणि तुम्ही टू काढताय.”

“बंद पडायला आलंय म्हणूनच काढतोय,” ते म्हणाले. “साहेब वाचताना जिथे अडेल तिथेच उभा राहील. मला तो शेवटच्या ओळीपर्यंत यायला हवाय.”

“आणि तोवर दोघीच उरल्या तर?”

काकांनी दोन्ही झेंड्या गुंडाळल्या आणि दाराकडे बघत बसले. मला वाटलं, जिंकले.

सातवा मसुदा शुद्ध निघाला. काका तो टाइप करून आणायला तलासरीला गेले आणि मला फोनवर म्हणाले, तू आमच्या घरी येऊन थांब, मी सव्वाचारपर्यंत येतो, बाय, अंटिल नाही. मी आले तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं. माझ्याकडे दुसऱ्या दिवशी साइट ऑफिसवर न्यायच्या पत्रकांचा गठ्ठा होता, पाचशेचा, सुतळीने बांधलेला. आमच्या कामात गठ्ठा कुठे ठेवायचा याचा कोणी विचार करत नाही. जिथे पहिला उंबरा दिसेल तिथे ठेवायचा, घरातलं माणूस ये-जा करताना बघतं, एक काढून घेतं, वाचतं. ही आमची पद्धत आहे आणि ती चालते. मी गठ्ठा उंबऱ्यावर ठेवला, चपला पायरीवर काढल्या आणि फोनवर दुसऱ्या गावच्या लोकांना गोळा करायला लागले.

आतून काकींच्या पावलांचा आणि कपबशांचा आवाज आला. मी फोन कानाला ठेवूनच म्हटलं, “काकी, सांभाळून हां, तिकडे पत्रकं ठेवलीत.”

पावलं थांबली. “तिकडे म्हणजे कुठे?”

मी म्हटलं, “तिकडे, समोर.” आणि फोनवर बोलत राहिले. काकींनी पाय जरा डावीकडे घेतला. तोच चुकीचा होता. गठ्ठ्याला पाय लागला, तबक गेलं, दोन्ही कप ओट्यावर फुटले, आणि काकी चौकट धरून अर्ध्या वाकलेल्या राहिल्या, एक पाय आत, एक पाय हवेत. चहा हातावर सांडला होता. त्या हवेतला पाय कुठे टेकवायचा ते कोणीतरी सांगेल याची वाट बघत होत्या. माझ्याकडे त्यांचं तोंड होतं आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

तेव्हा मला कळलं. दोन महिने त्या घरी जाऊन, दोन महिने लोकांच्या प्रश्नांवर बोलून, मला ते तेव्हा कळलं.

मी पुढे धावले असते आणि आणखी काहीतरी पाडलं असतं. पण रंजना फाटकातून आत येत होती. ती धावली नाही. फाटकातूनच मोठ्याने, अगदी वाक्य म्हणून दाखवावं तशी म्हणाली, “काकी, गठ्ठा उंबऱ्यावर हाय, तुमच्या डाव्या पायाच्या समोर. काचा बाहेर, पायरीच्या कडेला. मागं जमीन साफ हाय. एक पाऊल मागं, मंग उजवीकडं भिंत.” काकींनी पाय मागे घेतला, उजवा हात बाजूला नेला, भिंत सापडली, आणि त्या सरळ उभ्या राहिल्या.

“तू कोण, रंजी?” त्यांनी विचारलं. “आणि ही पत्रकवाली कुठे गेली?”

“ती हाय,” रंजना म्हणाली. “खांबापाशी. हलत नाय.”

हात थंड पाण्यात घालून काकी माठाशी बसल्या आणि उलट मलाच समजावायला लागल्या. काचबिंदू. हळूहळू गेलं सगळं, कडेकडून आत. सुरुवातीला त्यांनी सांगितलंच नाही कोणाला. नवरा रात्रपाळीचा, त्याला कशाला घोर. “तेव्हा आम्ही डहाणूच्या क्वार्टरमध्ये होतो. एकदा मी यांना विचारलं, कढई कुठे आहे. हे पेपर वाचत होते. म्हणाले, तिकडे. मी हात घातला तर ती चुलीवरून आत्ताच उतरवलेली.” त्यांनी डाव्या हाताची बोटं पुढे केली. दोन बोटांची टोकं गुळगुळीत होती. “मी काय म्हणाले नाही. पण हे त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, इंदू, मी आयुष्यभर गाड्यांना नीट सांगतो, आणि घरात तुला तिकडे म्हणालो.”

रंजना काचा गोळा करत होती. हे तिला माहीत होतं. अकराही जणींना माहीत होतं. फक्त मला नव्हतं, कारण मी प्रत्येक वेळी आले की आधी बोलायला सुरुवात करायचे.

“मला पण येतं हो सगळं,” काकी म्हणाल्या. “दाराशी बसून बसून. या रंजीपेक्षा मला बिटवीन-अमंग नीट येतं.”

“नाय येत,” रंजना म्हणाली. “त्या परवा बरण्यांच्या अमंग म्हणाल्या. दोनच बरण्या होत्या.”

“तिसरी मागे होती.”

“काकी, नव्हती.”

काका सव्वाचारला पाच मिनिटं असताना आले. फुटक्या कपांकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, काकींच्या हाताकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. तो हात रिकामा होता, झेंडी नव्हती. आधी आत जाऊन म्हणाले, “इंदू, माठापासून दारापर्यंत जमीन साफ आहे. दाराबाहेर अजून येऊ नको, मी झाडतो.” सगळं झाडलं. पायरीवरच्या माझ्या चपला उचलून भिंतीला टेकवल्या. माझा गठ्ठा उचलून खिडकीत ठेवला आणि आत सांगितलं, “पत्रकं खिडकीत आहेत. खिडकीतली रोजची बरणी आता खिडकीखाली.” मग बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले.

“मी इंदूपेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे,” ते म्हणाले. “माझी गाडी आधी जाणार. जाऊ दे, त्याचं काय. पण मग हिला कोण सांगणार, कुठे काय आहे? मुलगा वडोदऱ्याला, सून चांगली आहे, फोनवर विचारते. फोनवर कढई दिसत नाही.” बोटांनी त्यांनी ओट्याची कड पुसली. “म्हणून म्हटलं, पोरी शिकायला येतायत तर याच घरातल्या वस्तूंवर शिकू देत. अकरा पोरींना पाठ होतं, इंदूचा तांब्या कुठे असतो. एखादी तरी येत राहील. एकीला काम लागलं तर दुसरी.”

माझ्याकडे एरवी घोषणा असते; इथे तिचा उपयोग नव्हता.

“आज एकच,” काका म्हणाले, आणि रंजनाकडे बघून त्यांनी हिरवी झेंडी उगाचच थोडीशी वर केली.

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. इंजिनियरने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, कुठेही न अडता. मग म्हणाला, “मॅडम, ये किसने लिखा? हमारे हेड ऑफिस में भी ऐसा कोई नहीं लिखता.” आणि अर्ज ठेवून दिला. मी येऊन काकांना सांगितलं.

“ठेवला म्हणजे कुठे? टेबलावर की ड्रॉवरमध्ये?”

“ड्रॉवरमध्ये.”

“मग बसावं लागेल,” काका म्हणाले. छत्तीस वर्षं नियमपुस्तकाने चाललेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी पत्रकंसुद्धा खाली ठेवायची विसरले.

आम्ही बसलो. चारही पाड्यांची माणसं, सुट्टी टाकून आलेल्या पोरी, जेवणाचे डबे. त्या कंत्राटदाराचे डंपर दुसऱ्या कामावर जायला मोरीच्या अलीकडच्या फाट्यावरून जायचे, तिथेच. पहिला डंपर आला. मी घोषणा द्यायला उभी राहिले. माझ्या आधी काका उभे राहिले, रस्त्याच्या मधोमध, इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, आणि लाल झेंडी उघडून धरली. डंपर दहा हात अलीकडे थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून अगदी नम्रपणे विचारलं, “चाचा, आगे गाडी आ रही है क्या?”

“आएगी,” काका म्हणाले. “छह दस को.”

तीन दिवस त्यांनी झेंडी खाली घेतली नाही, जेवायला मात्र डावा हात वापरावा लागला याची तक्रार होती. चौथ्या दिवशी मोरीवर माणसं आली. अर्जाने झालं की बसण्याने, यावर आमच्या संघटनेत दोन मतं आहेत. मी पत्रकात लिहिलं की ‘मोरीवरील ऐतिहासिक ठिय्या आंदोलन’. काकांनी वाचून परत दिलं. म्हणाले, आपण मोरीवर नव्हतो, मोरीपासून चाळीस पावलं अलीकडे होतो, आणि ऐतिहासिकचं मला माहीत नाही.

मोरी भरली, त्यावर खडी पडली, आणि एका सोमवारी, म्हणजे ऑन, सहा दहाची गाडी आली. सहा बावीसला. काकांनी ते क्षमा केलं.

परवा मी तिथे गेले होते. काम काही नव्हतं. ओट्यावर नऊजणी होत्या. रंजना आता तलासरीला नर्सिंगच्या फॉर्मच्या मागे धावतेय, पण सहा दहाच्या गाडीआधी अर्धा तास येऊन जाते. गाडीचा आवाज आला तशा पोरी उठल्या, आणि निघता निघता प्रत्येक पोरगी दारातून आत ओरडून जात होती. “काकी, तांब्या माठावर.” “काकी, पाट भिंतीला उभा.” “काकी, चपला सगळ्या नेल्या, वाट साफ.” त्यांच्या आवाजात त्यात विशेष काही आहे असं नव्हतं. दप्तर उचलावं तसं.

काका त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. ते रोज जातात. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत हिरवी झेंडी धरतात, कंडक्टरला आता त्याची सवय झालीय, तो घंटी त्यांच्याकडे बघून देतो. ओटा रिकामा झाला. घर एकदम शांत झालं. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या, चौकटीवर हात, कान रस्त्याकडे.

“हे कुठे आहेत गं?” त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडाशी तोच शब्द आला होता. मी तो गिळला, उठले, फाटकापर्यंत गेले आणि नीट बघून घेतलं.

“रस्त्याच्या अलीकडे आहेत, काकी. आंब्याखाली. झेंडी काखेत. पाठ रस्त्याकडे, तोंड तुमच्याकडे.”

“चालतायत?”

“नाही. थांबलेत. इकडेच,” मी अडखळले. “दाराकडे बघतायत.”

काकींनी क्षणभर तोंड त्या दिशेने धरलं, अगदी बरोबर आंब्याच्या दिशेने. मग मान हलवली आणि चहाचं आधण ठेवायला आत वळल्या.

“आंब्यापासून बत्तीस पावलं,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यात उकळतो.”